तिसरा हिरवा दिवा लागला नाही तर: लहान विमानाचा लँडिंग गिअर अडकल्यावर या चुका टाळा

डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उडताना) लँडिंग गिअरचा, म्हणजे आत दुमडलेल्या चाकांच्या यंत्रणेचा, लिव्हर खाली केला. एकेक चाक बाहेर येऊन लॉक झालं की त्याचा हिरवा दिवा लागतो. दोन लागले आणि तिसरा लागलाच नाही. पहिली चूक इथेच होते: सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या उतरण्याच्या फेरीत) राहून, डोकं पॅनलमध्ये खुपसून कारण शोधत बसणं. विमान जमिनीपासून हजार फुटांवर, वेग उतरलेला आणि लक्ष दिव्यात. यात चाकाआधी विमानच हातचं जातं. थ्रॉटल वाढवा, उंची घ्या, सर्किटमधून बाहेर पडा. जळगावला असाल तर टॉवरला सांगा. शिरपूर किंवा धुळ्याच्या गोंदूरसारख्या धावपट्टीवर टॉवर कामात नसेल, तर रेडिओवर बाकीच्या विमानांना कळवा. मग इंधन मोजा. इंजिन बंद पडलं तर मिनिटं मोजावी लागतात. गिअर अडकला तर टाकीत जेवढं इंधन तेवढा वेळ हाताशी असतो. तो वापरा.

दिवा गेला की गिअर?

पायपर कंपनीच्या अ‍ॅरो आणि सेनेका या विमानांत नेव्हिगेशन लाइटचा (बाहेरच्या दिशादर्शक दिव्यांचा) स्विच चालू असला की गिअरचे हिरवे दिवे मंद होतात. रात्री डोळे दिपू नयेत म्हणून ती सोय असते, पण खानदेशातल्या भर दुपारच्या उन्हात ते दिवे विझल्यासारखेच दिसतात. म्हणून आधी तो स्विच बंद करून पाहा. मग बल्ब. बऱ्याच विमानांत तिन्ही हिरवे बल्ब एकसारखे असतात. पेटलेला काढून न पेटलेल्या जागी बसवा. तिथे तो पेटला, तर बिघाड बल्बचा होता आणि चाक जागेवर आहे. पेटला नाही, तर ते चाक लॉक झालेलं नाही असंच धरून चाला.

एकही दिवा लागला नाही आणि गिअर हलवणाऱ्या पंपाचा आवाजही आला नाही, तर अँमीटर (करंट दाखवणारं मीटर) आणि सर्किट ब्रेकर पाहा. अल्टरनेटर गेलेला असेल तर बॅटरी उतरत असते आणि हायड्रॉलिक पंपाला लागणारा करंट तिच्यात उरत नाही. नको असलेले दिवे आणि रेडिओ बंद करा. ब्रेकर उडालेला असेल तर थोडा थंड होऊ द्या आणि एकदाच बसवा. पुन्हा उडाला तर त्याला हात लावू नका. वायर जळत असताना तो दाबून धरणं म्हणजे चाकाच्या बदल्यात कॉकपिटमध्ये आग ओढवून घेणं.

आपत्कालीन पद्धत वेग कमी न करताच वापरणं

ही चूक फार होते, आणि तिचं कारण कळलं की पुन्हा होत नाही. अ‍ॅरोमध्ये गिअर वर धरून ठेवतो तो हायड्रॉलिक दाब. आपत्कालीन लिव्हर तो दाब सोडतो आणि चाकं स्वतःच्या वजनाने खाली पडतात. पण पुढचं चाक मागे दुमडलेलं असतं, त्यामुळे बाहेर येताना त्याला समोरच्या हवेशी झुंजावं लागतं. वेग जास्त असेल तर ते अर्ध्यात लटकतं. म्हणून अ‍ॅरो ३ च्या पुस्तिकेत वेग ८७ नॉटच्या (ताशी सागरी मैल) खाली आणायला सांगितलं आहे. वेग उतरवा, गिअरचा लिव्हर खाली ठेवा, आपत्कालीन लिव्हर दाबून धरा. तरीही लॉक झालं नाही तर रडरने (शेपटीच्या हलत्या उभ्या पट्टीने) विमान डावी-उजवीकडे झटका देऊन हलवा. बाजूच्या चाकांचा लॉक त्याने बसू शकतो.

प्रत्येक विमानाची तऱ्हा वेगळी. सेसनाच्या आरजी (चाकं आत घेता येणाऱ्या) मॉडेलांत हातपंप असतो. तो जड होईपर्यंत आणि हिरवा दिवा लागेपर्यंत मारत राहायचं, मध्येच सोडायचं नाही. बीचक्राफ्टच्या बोनान्झा विमानात आधी गिअर मोटरचा ब्रेकर ओढायचा आणि मगच क्रँक (चाकं हाताने खाली आणायचा दांडा) फिरवायचा, साधारण ५० फेरे. ब्रेकर न ओढता फिरवलात आणि मोटर मध्येच चालू झाली, तर हात मोडेल.

टॉवरसमोरून खालून एक फेरी मारली तर चाक बाहेर आहे एवढंच खालच्याला दिसतं. लॉक दिसत नाही.

उतरताना

पोटावर उतरायची वेळ आली की शेजारच्या शेतात मऊ पडेल असं वाटतं. तसं करू नका. काळ्या मातीत नाक रुततं आणि विमान उलटतं. डांबरी धावपट्टीवर ते घसरत जाऊन थांबतं. एका बाजूचंच चाक अडकलं असेल, तर सगळी चाकं वर घेऊन उतरायचं की दोनवर, हे त्या विमानाची पुस्तिका ठरवते. दोनवर उतरायचं झालं तर डावं चाक खराब असताना धावपट्टीच्या उजव्या बाजूला टेका, कारण विमान डावीकडे ओढलं जाणार आहे.

प्रोपेलर वाचवायला हवेतच इंजिन बंद करू नका. ग्लाइड (इंजिनाविना तरंगत खाली येणं) बदलतो आणि धावपट्टी चुकते. उतरणार याची खात्री झाल्यावरच मिक्श्चर (इंजिनाचं इंधन-हवा मिश्रण), फ्युएल आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद. दार मात्र आधीच किलकिलं करून ठेवा. मे महिन्यात पारा ४३ वर असताना इथली डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) चार हजार फुटांच्या वर जाते. एअरस्पीड इंडिकेटर ६५ नॉट दाखवतो तेव्हा खरा वेग ७० च्या आसपास असतो. त्यात भीतीपोटी आणखी पाच-दहा नॉट घालू नका.

गिअर ठणठणीत असतानाही विमान पोटावर बसतं, ते उतरल्यानंतर धावताना फ्लॅपऐवजी (पंखामागच्या झडपांऐवजी) गिअरचा लिव्हर ओढल्यामुळे. स्क्वॉट स्विच (चाकांवर वजन असताना गिअर वर जाऊ न देणारा) वाचवेल म्हणावं, तर पंखांवर अजून लिफ्ट असते आणि तो स्विच विमान हवेत आहे असंच समजतो. धावपट्टी सोडेपर्यंत कुठल्याही लिव्हरला हात नको.

बिघाड हँगरमध्ये सुरू होतो

पावसाळ्यात ऑलिओ स्ट्रटच्या (चाकावरच्या तेलाच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या) चकचकीत दांड्यावर काळ्या चिखलाचे शिंतोडे बसतात आणि वाळून सिमेंटसारखे घट्ट होतात. कोरड्या फडक्याने घासले तर दांड्यावर ओरखडे पडतात. पुढच्या लँडिंगला तो दांडा आत-बाहेर होताना सील कापतो, आणि आठवड्याभरात खाली लाल तेलाचा डाग दिसतो. फडकं त्याच लाल हायड्रॉलिक तेलात भिजवून हलक्या हाताने पुसा, प्रत्येक फ्लाइटआधी. तेल कमी झालं म्हणून त्यात गाडीचं ब्रेक ऑइल कधीही ओतू नका. त्याने रबरी सील फुगून खराब होतात.

उन्हाळ्यातल्या धुळीत जुनं ग्रीस न पुसता वर नवीन फासलं तर धूळ आणि ग्रीस मिळून घासणारा लगदा होतो, आणि तो मायक्रोस्विच, पिन आणि बिजागरं खातो. प्रेशरच्या पाण्याने व्हील वेल (चाक दुमडून बसतं तो खळगा) धुऊ नका. मागे घेता येणाऱ्या गिअरला रिट्रेड टायर (नवा रबर चढवलेला जुना) लावायचा असेल तर एएमईकडून (विमान देखभाल अभियंत्याकडून) वेलमधली मोकळी जागा मोजून घ्या. थोडा फुगलेला टायरही वर जाऊन अडकतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. चाकं कायम बाहेर असलेल्या सेसना १५२ ला मागे २१ आणि पुढे ३० पीएसआय. चाकावर फेअरिंग (हवेसाठीचं आच्छादन) असेल तर पावसाळ्यात ते काढून ठेवणंच बरं. आतला चिखल वाळला की चाक जाम होतं.

जॅकवर चढवून गिअर स्विंग करताना (चाकं आत-बाहेर करून पाहताना) आपत्कालीन पद्धतसुद्धा तपासून घ्या. ती वर्षानुवर्षं न वापरल्याने केबल गंजलेली सापडते. शेपटीला वजन बांधल्याशिवाय विमान जॅकवर घेऊ नका.

आणि पोटावर उतरल्यावर, प्रोपेलर जमिनीला थोडासा जरी लागला असेल, तरी नवीन पाती लावून उडू नका. आतल्या क्रँकशाफ्टला झटका बसलेला असतो. लायकमिंग असो की कॉन्टिनेंटल, इंजिन उघडून तपासावंच लागतं. विमान हलवण्याआधी डीजीसीए (नागरी विमान वाहतूक नियामक) आणि एएआयबीला (विमान अपघात तपास संस्था) कळवा, आणि परवानगी मिळेपर्यंत सगळे स्विच आणि लिव्हर आहेत त्याच जागी राहू द्या. फक्त आगीचा धोका असेल तर मास्टर आणि फ्युएल बंद करा, आणि काय कुठे होतं ते लिहून ठेवा.