कुत्र्याची चाकगाडी: या चुका टाळा

मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी चाकगाडी आली की घरच्यांना तो त्याच संध्याकाळी पळताना बघायचा असतो. ही घाई मला मुळीच पटत नाही. तिची किंमत कुत्रा मोजतो.

सगळ्यात वाईट चूक मापाची. कुत्रा आडवा पडलेला असताना टेप लावायची, नाहीतर नुसती जात आणि वजन कळवून गाडी मागवायची. एका लॅब्रडॉरचं माप मीही असंच घेतलं होतं. गाडी हवी त्यापेक्षा जेमतेम दोन बोटं उंच झाली. ढुंगण वर, डोकं खाली. उभ्या कुत्र्याचं साधारण 60 टक्के वजन एरवीही पुढच्या पायांवर असतं, इथे त्याहून जास्त पडलं. तिसऱ्या दिवशी त्याचे खांदे थरथरत होते आणि पट्टा घासून जांघेतली कातडी सोलवटली होती. जखम भरेपर्यंत गाडी बंद. त्या कुत्र्याची नजर अजून आठवते. तेव्हापासून मी एकटीने माप घेत नाही. एकाने कंबर नेहमीच्या उंचीला धरायची, दुसऱ्याने मोजायचं, तेही तीनदा. गाडी चढवल्यावर बाजूने फोटो काढते. पाठ जमिनीला समांतर दिसली नाही तर उंची पुन्हा बदलते.

पोटाच्या मधोमध टॉवेल घालून उचलू नका, कण्यावर ताण येतो. टॉवेल मागच्या मांड्यांच्या अगदी पुढे हवा. नराची लघवीची जागा मात्र दाबली जाऊ देऊ नका.

गाडीत सुरुवातीला पाच-दहा मिनिटं पुरे. गाडी काढली की दरवेळी जांघा आणि काखा बोटांनी चाचपा. गाडीत त्याला आडवं होता येत नाही, म्हणून एकटं सोडू नका. पंजे घासटत असतील तर वर अडकवा. गुळगुळीत फरशीवर रबरी मॅट घाला. नखं आणि पंजामधले केस कापा.

पाय अचानक गेले असतील तर गाडी शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डॅशहुंडसारख्या कुत्र्यांत मणक्याची चकती सरकलेली असू शकते. तेव्हा काहींना शस्त्रक्रिया लागते, काहींना पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. जर्मन शेफर्डमध्ये दिसणारा मज्जारज्जूचा आजार हळूहळू पुढच्या पायांपर्यंत पोचतो, त्यामुळे नंतर पुढची चाकं जोडता येतील अशीच गाडी घ्या.

आणि लघवी ठिबकतेय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं धरून चालू नका. तुडुंब भरलेलं मूत्राशयही ठिबकतं. ते दाबून रिकामं कसं करायचं, हे डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने करून शिका.