बंद पेटीतील उष्णता-अभिसरण: संगणकावर पहिले गणित कसे मांडावे

प्रवाहाचा वेग आणि त्याबरोबर वाहणारी उष्णता एकत्र सोडवणारा पहिला प्रोग्राम लिहायचा असेल, तर उदाहरण बंद चौरस पेटीचे घ्यावे: डावी भिंत गरम, उजवी थंड, वरची व खालची उष्णतारोधक, आत हवा. तापमानांतील फरक लहान असल्यास घनता सर्वत्र स्थिर धरून तिचा बदल फक्त गुरुत्वाकर्षणाच्या पदात घ्यावा. बूसिनेस्क यांच्या नावाने ओळखले जाणारे हे गृहीतक स्वीकारले की सारा प्रश्न दोनच संख्यांवर येतो: रेले (तापमानफरकाने प्रवाह किती जोराने ढकलला जातो याचे माप) आणि प्रांटल (श्यानता, म्हणजे प्रवाहाचा चिकटपणा, आणि उष्णता-विसरण, म्हणजे उष्णतेचे पसरणे, यांचे गुणोत्तर). हवेसाठी प्रांटल संख्या ०.७१ धरतात.

पेटीचे लहान खान्यांत तुकडे करणारी जाळी आखताना घाई करू नये. दाब आणि वेग एकाच बिंदूवर ठेवण्याचा मोह होतो, कारण प्रोग्राम सुटसुटीत दिसतो. पण मग दाबाचा उतार काढताना शेजारच्या दोन खान्यांचीच वजाबाकी होते, मधल्या खान्याचा स्वतःचा दाब गणितात येतच नाही, आणि बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक चढउतार असलेला खोटा दाब वेगाच्या समीकरणाला सपाट भासतो. हार्लो आणि वेल्च यांनी १९६५ साली मांडलेली सरकवलेली जाळी हा दोष मुळातच काढून टाकते: दाब व तापमान खान्याच्या मध्यावर, आडवा वेग उभ्या कडांवर, उभा वेग आडव्या कडांवर. निर्देशांक सांभाळताना त्रास होतो, पण माझ्या मते नवशिक्याने तो सोसावाच.

प्रत्येक कालपायरीवर, म्हणजे वेळेच्या प्रत्येक छोट्या टप्प्यावर, आधी दाब वगळून, मात्र प्लावक बल (गरम हवेला वर ढकलणारे बल) धरून, तात्पुरता वेग काढावा. मग त्याचे अपसरण (खान्यातून बाहेर जाणारा निव्वळ प्रवाह) शून्य करील असा दाब पॉइसाँ समीकरणातून, म्हणजे सर्व खान्यांचे दाब एकमेकांशी जोडणाऱ्या समीकरणातून, सोडवावा, वेग दुरुस्त करावा आणि त्या वेगाने तापमान पुढे न्यावे. चहूबाजूंना भिंती असल्याने दाब एका स्थिरांकापुरता अनिश्चित राहतो, म्हणून एका खान्यात तो शून्य ठरवावा. संगणकाचा बहुतेक वेळ इथेच खर्च होतो. तरीही हात आखडता घेऊ नये, कारण दाब अर्धवट सोडवला तर खान्याखान्यांत वस्तुमान नाहीसे होते किंवा आपोआप उपजते.

कालपायरी इतकी लहान हवी की तेवढ्या वेळात प्रवाह एक खानाही ओलांडणार नाही. शिवाय ती खान्याच्या लांबीच्या वर्गाला श्यानता व उष्णता-विसरण यांपैकी मोठ्या गुणांकाच्या चौपटीने भागून येणाऱ्या मर्यादेच्या आत हवी. दोहोंपैकी लहान मर्यादेच्या निम्मी पायरी घ्यावी.

रंगीत चित्र सुंदर दिसले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. गरम भिंतीवरची सरासरी नसेल्ट संख्या (नुसत्या वहनाच्या तुलनेत किती पट उष्णता पार जाते ते) काढून ती डी व्हाल डेव्हिस यांच्या १९८३ च्या प्रमाणभूत आकड्यांशी ताडावी: रेले संख्या १,००० असताना १.११८, १०,००० ला २.२४३, एक लाखाला ४.५१९, दहा लाखांना ८.८००. शेवटचा आकडा सहजी जुळत नाही, कारण तेथे भिंतीलगतचा उष्ण थर पेटीच्या रुंदीच्या सुमारे बत्तिसाव्या भागाइतका पातळ होतो आणि प्रत्येक दिशेत ४० समान खाने असलेल्या जाळीत त्याच्या वाट्याला जेमतेम एक खाना येतो. म्हणून भिंतीजवळ खाने दाट करावेत, प्रत्येक दिशेतील खान्यांची संख्या दुप्पट करून गणित पुन्हा चालवावे आणि चूक जवळजवळ चौथाईवर येते का, हे पाहावे.