राइटची फुलदाणी देवघरातल्या तांब्यासारखी घासू नका

रत्नागिरीत जुनी तांब्या-पितळेची भांडी दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. अलीकडे माझ्याकडे एक वेगळीच वस्तू वरचेवर येऊ लागली आहे, आणि दर वेळी तिची दुर्दशा तीच असते. अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट (1867–1959) यांनी 1890 च्या दशकात तांब्याच्या पत्र्याची एक उंच, सडपातळ, चौकोनी फुलदाणी आखली आणि शिकागोतील जेम्स मिलर या पत्राकाम करणाऱ्या कारागिराकडून ती घडवून घेतली. मूळ नग फारच थोडे असून ते संग्रहालयांत आणि बड्या संग्राहकांकडे आहेत. आपल्याकडे येतात त्या प्रतिकृती. विकणारा अस्सल म्हणाला म्हणून त्या अस्सल होत नाहीत. पण तांब्याचा स्वभाव दोन्हींत एकच असतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ती लख्ख करणे. पिण्याच्या पाण्याच्या कळशीला कळंक चढू नये म्हणून आपण ती रोज घासतो आणि ते योग्यच आहे. फुलदाणीतून मात्र कोणी पाणी पीत नाही. तिच्यावरचा तपकिरी थर हा मळ नसून तांब्याचे ऑक्साइड आहे, आतल्या धातूला ते राखते आणि जुन्या नगाचे निम्मे सौंदर्य त्यातच असते.

मालवणजवळ पर्यटकांसाठी खोल्या देणाऱ्या एका कुटुंबाकडे अशी प्रतिकृती होती. गणपतीच्या आधी घरातली सगळी तांब्याची भांडी आमसुले, मीठ आणि नारळाचे सोडण घेऊन घासली गेली, त्यात तीही गेली, आणि शेवटी विहिरीच्या मचूळ पाण्याने धुऊन खिडकीत समुद्राच्या तोंडावर ठेवली गेली. मी काही कामाने गेलो तेव्हा वहिनी कौतुकाने म्हणाल्या, "भाऊ, बघा कशी सोन्यासारखी झाली!" मी गप्प राहिलो, ही माझीही चूकच. दिवाळीनंतर ती माझ्याकडे आली तेव्हा सांध्यांच्या कडेने फिकट हिरवी भुकटी सुटत होती, आणि झटकली की खाली बारीक खड्डे दिसत होते. आमसुलातल्या आम्लाने तपकिरी थर विरघळला, मिठातले क्लोराइड उघड्या तांब्याला भिडले, आणि पुढचे काम दमट हवेने केले. या क्लोराइडाला ओल मिळाली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते, ते आणखी तांबे खाते, आणि हे चक्र आपोआप थांबत नाही.

भुकटी बाभळीच्या काट्याने टोकरून काढायची, वस्तू शुद्ध केलेल्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदलायचे, मग पूर्ण वाळवून पातळ मेण चोळायचे, असे मी तीन आठवडे केले. भुकटी थांबली, पण खड्डे राहिले. हिरवा डाग दिसल्यास मी आधी काटा लावून पाहतो: घट्ट चिकटलेला असेल तर त्याला हात लावीत नाही, भुकटी पडली तर ती वस्तू लगेच कोरड्या जागी हलवतो.

दुसरी चूक कल्हईची. "आतून कल्हई केली की पाणी ठेवता येईल" हा सल्ला देणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. कल्हईसाठी भांडे कथील वितळेल इतके, म्हणजे 232 अंशांच्या वर तापवावे लागते आणि नवसागर टाकावा लागतो. फुलदाणीच्या सांध्यांना शिसे-कथलाची डाक, म्हणजे वितळवून भरलेला जोड, असेल तर ती 183 अंशांपासूनच सुटू लागते, बाहेरचा रंग करपतो, आणि नवसागर हेही क्लोराइडच. कल्हईवाल्याचा यात दोष नाही. तो ठोक्याच्या भांड्यांचा कारागीर आहे, पत्र्याच्या जोडकामाचा नव्हे.

मुळात पाणी हवेच कशाला? ही फुलदाणी वाळक्या रानगवतासाठी आखलेली आहे, आणि 1896–97 च्या सुमारास एका पुस्तकासाठी राइट यांनी अशा गवताची छायाचित्रे स्वतः काढली होती. आपल्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या माळावर, पावसाळ्यानंतर वाळलेले गवत हवे तितके मिळते. ताजी फुलेच हवी असतील तर आत अरुंद काचेची नळी बसवावी.

बाकीच्या चुका थोडक्यात. गळ्याला धरून उचलू नये. बाजारू वार्निश मारू नये, कारण ते एका कोपऱ्यात उकलले की खालचा डाग आतल्या आत पसरतो. पावसाळ्यात ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात कोंबू नये.

मी स्वतः जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने कोरडी पुसतो, वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, मेणाचा हात देतो, आणि समुद्राकडची खिडकी सोडून आतल्या भिंतीलगत ठेवतो. घाईने चकाकी हवी असणाऱ्यांना मी पितळेची समई घ्यायला सांगतो.