नागपुरात समुद्री टाकी लावताना

घरी आलेला पाहुणा माझ्या समुद्री मासे आणि प्रवाळांच्या टाकीपुढे उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, मुंबई इथून आठशे किलोमीटर, मग हे खारं पाणी आणता कुठून?" समुद्र लांब असल्याची मला कधी फारशी अडचण झाली नाही. मीठ बादलीत मिळतं आणि पाणी घरीच बनतं. इथल्या टाक्या मोडतात त्या मे-जूनमध्ये. म्हणून नवीन माणसाला मी एवढंच सांगतो की टाकीचं माप, जागा, सामान, सगळं नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. डिसेंबरात काय, कोणतीही टाकी चालते.

सुरुवात पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात करावी. दिवाळीच्या सुमारास टाकीची सायकल (पाणी माशांजोगं करणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसणं) पूर्ण होते, हिवाळाभर ती स्थिरावते आणि ऊन चढेपर्यंत तुमचाही हात बसलेला असतो. हौस नेमकी मार्चमध्ये आली असेल तर उन्हाळा वाचनात घालवा, पैसे गाठीला ठेवा.

दुकानात तीस-चाळीस लिटरची 'नॅनो' टाकी फार गोड दिसते आणि स्वस्तही वाटते. नागपुरात ती घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इथली कोरडी हवा पाणी शोषून घेते, आणि वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. लहान टाकीत दीड लिटर कमी झालं तरी खारटपणा लगेच वर चढतो. ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी साधारण १८० लिटरची होते. सुरुवातीला एवढी असावी. दगड, वाळू आणि स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा ती भिंतीलगत, शक्यतो तुळईजवळ ठेवा. पश्चिमेची भिंत मात्र टाळा. ती संध्याकाळी सातलाही तव्यासारखी तापलेली असते.

पाण्याच्या बाबतीत कंजुषी चालत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, बोअरच्या पाण्यात क्षार, आणि या दोन्हींतून येणारं सिलिका, फॉस्फेट म्हणजे शेवाळाला आमंत्रण. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असं पुष्कळांना वाटतं. पण बहुतेक घरगुती मशीनमध्ये चवीसाठी क्षार परत मिसळण्याची सोय असते, त्यामुळे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, पन्नास-शंभरावर राहतो. आपल्याला तो शून्य हवा. त्यासाठी आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचं भांडं जोडतात. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, संडास-बाथरूमला वापरा. कूलरमध्ये घातलंत तर पॅडवर पांढरा थर चढेल.

खडेमीठ किंवा शुद्ध केलेलं मीठ विरघळवून समुद्र होत नाही. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के असतात. उरलेल्या १५ टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे येतात, आणि प्रवाळांचं सगळं त्यांच्यावरच चालतं. म्हणून प्रवाळांच्या टाकीसाठी (रीफ टाकी म्हणतात ती हीच) बनवलेलं रीफ सॉल्टच घ्यायचं. १०० लिटरला साडेतीन ते चार किलो लागतं. वेगळ्या ड्रमात पंप लावून रात्रभर फिरवा, मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) आलं का ते बघा. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणजे तो बरोबर आहे, असं धरून चालू नका. ३५ पीपीटीचं तयार द्रावण मिळतं, त्यावर तो जुळवा.

आता उन्हाळा. रीफ टाकीला २४ ते २७ अंश हवेत. ३० च्या वर पाणी टिकून राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींतली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. त्यांचं बरंचसं अन्न त्या शैवालांकडूनच येत असल्यामुळे पुढे ते उपाशी मरतात. शिवाय पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी. बाहेर पारा ४५ च्या पुढे असताना हे सांभाळायचं कसं?

विश्वास बसणार नाही, पण मे महिन्यात नागपूरची कोरडी हवाच कामाला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा साधा छोटा पंखा लावा आणि वरची काच काढून जाळी घाला. १०० लिटरमधून १ लिटर पाणी उडून गेलं की ते साधारण ५-६ अंश तापमान उतरवण्याइतकी उष्णता घेऊन जातं. कूलर चालतो तो याच तत्त्वावर. अर्थात दिवसभर खोलीतून उष्णता परत येतच असते, म्हणून पंखा थांबवून चालत नाही. उडालेलं पाणी भरताना साधं आरओ-डीआय पाणीच घालायचं, खारं नाही. मे महिन्यात तीन फुटी टाकीत रोज तीन-चार लिटर सहज लागतं. त्यामुळे आपोआप पाणी भरणारं यंत्र, ज्याला सगळे एटीओ म्हणतात, ते इथे चैनीत मोडत नाही. महागडा लाइट पुढच्या वर्षी घ्या, एटीओ आधी.

खरी परीक्षा जूनच्या अखेरीस होते. पाऊस पडतो, हवा दमट होते, घरातले लोक हुश्श करतात आणि टाकीवरचा पंखा निकामी होतो. हवा आधीच ओली असली की पाणी उडेनासं होतं. खोलीत ३० अंश, वर पंपांची स्वतःची उष्णता, आणि पाणी हळूहळू ३० च्या पुढे सरकतं. बंद खोलीत कूलर लावला तरी थोड्या प्रमाणात हेच होतं: खोली थंड होते, पण पंख्याचा जोर कमी पडतो. म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी. डासांसाठी कूलरच्या पाण्यात औषध किंवा रॉकेल टाकायची सवय असेल तर त्याचा झोत टाकीवर येऊ देऊ नका. कीटकनाशकाच्या अंशानंही कोळंबी मरते. या दमट दिवसांसाठी एसी असलेली खोली किंवा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागतोच. चिलर गरम हवा बाहेर फेकतो, तेव्हा तो टाकीखालच्या बंद कपाटात कोंबू नये.

आणि लाइन गेली तर? पंप थांबले की पाणी हलत नाही आणि ऑक्सिजन घटू लागतो; मासे बहुधा त्यानंच जातात. घरच्या इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी हलवणारा छोटा पंप, ठेवा. दहा-बारा वॅटचा असतो, रात्रभर चालतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, नाहीतर पंपाची मोटार गुरगुरते आणि तापते.

हिवाळ्याचं थोडक्यात. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, त्यामुळे २०० वॅटचा हीटर लागतो. तो वेगळ्या कंट्रोलरवर लावा. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट अडकला तर टाकी शिजते.

पाणी भरल्यावर लगेच मासे सोडायचे नसतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वस्ती करेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. थोडा अमोनियम क्लोराइड घालून २ पीपीएमपर्यंत (दहा लाखात दोन भाग) अमोनिया आणा आणि किटनं मोजत राहा. एवढाच डोस चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. त्यानंतर वाळूवर तपकिरी मळ धरतो, मग हिरवं काहीतरी उगवतं. घाबरून औषधाच्या बाटल्या ओतू नका. गोगलगायी सोडा, लाइटचे तास कमी करा, आठवड्याला दहा टक्के पाणी बदला.

दगड आणि प्रवाळ घेताना कायदा माहीत असू द्या, कारण दुकानदार तो सांगेलच असं नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल, सी फॅन आहेत. समुद्री घोडे आणि समुद्री काकड्याही आहेत. म्हणजे वाघाच्याच यादीत. आपल्या किनाऱ्यावरून तोडून आणलेला 'लाइव्ह रॉक', म्हणजे जिवाणूंची वस्ती असलेला दगड, हा बहुतेक वेळा प्रवाळाचा सांगाडाच असतो. तो घेऊ नका. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला सच्छिद्र दगड वर्षभरात तितकाच जिवंत होतो. परदेशातून आलेल्या कठीण प्रवाळांची कागदपत्रं आणि नोंदणी लागते. नवशिक्यानं त्यात न पडता मश्रूम, लेदर, झोअँथिड अशा मऊ जातींवर थांबावं. त्यांना क्षारता ८-९ डीकेएचवर (डीकेएच हे क्षारतेचं माप) स्थिर मिळाली की त्या पसरतात. झोअँथिड हाताळताना हातमोजे घाला, आणि ते असलेला दगड कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं आणि वाफेतून ते श्वासात जातं.

पहिले मासे म्हणून ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी घ्यावी, तीही हॅचरीत वाढलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं यांची पैदास आपल्याकडे केव्हाच साधली आहे. असे मासे कोरडं खाणं खातात आणि टाकीत रुळतात. ते ज्याच्या आसऱ्यानं राहतात तो फुलासारखा समुद्री जीव, ॲनिमोन, त्यांना लागतोच असं नाही. तो पहिल्या वर्षी आणूच नका. स्वस्त मिळणारे डॅमसेल दुसऱ्या माशांना जगू देत नाहीत, आणि निळा टँग फूटभर वाढतो. मँडरिन फक्त सूक्ष्म जीव टिपून खातो, त्यामुळे नव्या टाकीत तो उपाशी मरतो. आजारी माशाला औषध द्यायचं तर वेगळ्या टबात. तांब्याचं औषध मुख्य टाकीत एकदा गेलं की कोळंबी-गोगलगायी मरतात आणि ते दगडांत मुरून बसतं.

मुंबई-चेन्नईहून मागवलेला मासा बारा-पंधरा तास पिशवीत असतो. इतक्या वेळात पिशवीत अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसण्याची पद्धत लांबून आलेल्या माशाला घातक ठरते. बंद पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगू द्या. पुरवठादार कोणत्या खारटपणाचं पाणी भरतो हे आधीच विचारून वेगळ्या टबात तेवढंच ठेवा, पिशवी उघडताच मासा जाळीनं त्यात सोडा, आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओता. त्या दिवशी लाइट बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी.