फ्लाउंडरसाठी फ्लाय तळालाच हवी

टेक्ससच्या उथळ खाड्यांत फ्लाय रॉडने, म्हणजे पिसे-केस बांधून केलेले हलके नकली आमिष (फ्लाय) फेकण्याच्या लवचिक काठीने, सदर्न फ्लाउंडर हा मासा धरायचा असेल, तर ओहोटी लागल्यावर दलदलीतले पाणी ज्या चिंचोळ्या ओहळांतून बाहेर पडते त्यांच्या तोंडाशी उभे राहावे, कारण कोकणातल्या लेपीसारखा चपटा असलेला हा मासा तिथे वाळूत अंग पुरून, डोळे तेवढे वर ठेवून, वाहत येणाऱ्या कोळंबीवर आणि लहान माशांवर टपलेला असतो. भक्ष्यामागे तो फार लांब धावत नाही. म्हणून क्लाउझर मिनो ही लहान माशासारखी दिसणारी, जड डोळ्यांची फ्लाय प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकून तळाला टेकू द्यावी आणि प्रत्येक ओढीला गाळाचा लहानसा धुरळा उठेल इतक्याच बेताने, थांबत थांबत, दोरी आत घ्यावी. शेवाळ अडकल्यासारखी दोरी नुसती जड वाटली, तर बहुधा तोच असतो. अशा वेळी रॉड झटक्याने वर उचलण्याचा मोह (तो सर्वांनाच होतो) आवरून क्षणभर थांबावे आणि मग हाताने दोरी ताणावी. पाण्यात पाय उचलून न टाकता तळाशी घासत पुढे सरकवावेत, कारण शेपटीला विषारी काटा असलेले पाकटही याच वाळूत दडलेले असते. अंडी घालण्यासाठी हे मासे खोल समुद्राकडे निघतात त्या १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबरच्या काळात टेक्ससमध्ये फ्लाउंडर धरण्यास बंदी असल्याने ऑक्टोबर महिनाच साधावा.