शांत ग्रहावर माणसांची चढाई: तीन मिनिटांचा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्ये कसा करावा

परग्रहावरून कुणीतरी पृथ्वीवर चाल करून येतं, ही गोष्ट पडद्यावर कितीतरी वेळा येऊन गेली आहे. ती उलटी सांगायची, म्हणजे चढाई करणारी माणसं आणि घर वाचवणारे दुसरेच जीव, तर अडचण वेगळी असते. प्रेक्षक माणूस असतो आणि त्याला त्या जिवांच्या बाजूने उभं करायचं असतं. नुसत्या संवादांनी ते होत नाही. ग्रह त्या जिवांचा आहे आणि माणसं तिथे उपरी आहेत, हे हालचालीतून आणि उजेडातून दिसावं लागतं. म्हणून काम पात्रांपासून नव्हे, ग्रहापासून सुरू करा.

इथली सगळी कृती एकट्याने, ग्राफिक्स कार्ड असलेल्या एका संगणकावर आणि ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करण्याच्या हिशेबाने दिली आहे.

आधी ग्रहाचे नियम

गुरुत्वाकर्षण, हवेची घनता, हवेतले वायू आणि सूर्य. या चार गोष्टी कागदावर ठरवा आणि काम सुरू झाल्यावर बदलू नका. या लेखापुरता एक ग्रह घेऊ: गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ०.४ पट, हवेची घनता घनमीटरला ५ किलो, हवेत ऑक्सिजन नाही पण मिथेन भरपूर, आणि सूर्य म्हणजे एक तांबडा खुजा तारा (रेड ड्वार्फ). दाट हवेची कल्पना हवेतली नाही. शनीच्या टायटन या उपग्रहावर पृष्ठभागाजवळची हवा पृथ्वीच्या हवेच्या चौपटीहून अधिक दाट आहे आणि गुरुत्वाकर्षण फक्त ०.१४ पट आहे.

दाट हवेमुळे ग्रहवासी तरंगते करता येतात. पृथ्वीवर एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२ किलो भरतं, इथे ५ किलो. हायड्रोजनने भरलेली पिशवी इथे घनमीटरमागे साडेचार किलो सहज उचलते. म्हणजे ९ किलोच्या जिवाला दोन घनमीटरची पिशवी हवी, गोल धरली तर व्यास दीड मीटर. गुरुत्वाकर्षण बदललं तरी हे गणित बदलत नाही, फक्त हवेच्या घनतेवर ठरतं. मॉडेल करताना हे प्रमाण पाळा. चिमुकली पिशवी आणि भलंमोठं धड असं केलं की जीव तरंगताना नव्हे, दोरीने टांगलेला दिसतो.

तरंगत्या जिवाचा दुसरा फायदा कामाचा आहे: पाय नाहीत, म्हणजे चालणं नाही, म्हणजे टेकलेला पाय पडद्यावर जमिनीवरून घसरत जाण्याची कटकट नाही. एकट्याच्या कामात यात आठवडे वाचतात.

आता सूर्य. तांबड्या खुज्या ताऱ्याजवळचे ग्रह बहुधा एकच बाजू कायम ताऱ्याकडे ठेवून फिरत असावेत, जसा चंद्र आपल्याकडे ठेवतो. अशा ग्रहाच्या दिवस-रात्रीच्या सीमेवर वस्ती ठेवा. तिथे सूर्य क्षितिजाच्या थोडा वर, एकाच जागी थांबलेला. ब्लेंडरमध्ये एकच सन लाइट, क्षितिजापासून १२ अंशांवर, बाहेरच्या सगळ्या शॉट्सना तोच. प्रकाशाची सलगता आपोआप सांभाळली जाते. आणि गोष्टीला यातून जे मिळतं ते फार मोठं आहे: इथल्या जिवांनी सरकणारी सावली कधी पाहिलेलीच नाही. माणसांचं जहाज सूर्याआड येतं तेव्हा वस्तीवरून एक सावली सरकत जाते. चढाईचा पहिला शॉट हाच ठेवा. तोफा नकोत, घोषणा नको. जमिनीवर सरकणारी कड आणि तिच्यापासून मागे हटणारा एक लहान जीव पुरेसा आहे.

ताऱ्याचा रंग ठरवताना लालभडक रंग देण्याचा मोह आवरा. तीन हजार केल्विनचा तारा जुन्या पिवळ्या बल्बसारखा दिसतो. सन लाइटच्या रंगाला तापमानावरून रंग देणारा ब्लॅकबॉडी नोड जोडा आणि ३००० भरा. जहाजाच्या सर्चलाइटला ६५०० द्या. त्या पिवळ्या उजेडात हा प्रकाश निळसर, कठोर पडतो आणि कुणी काही न बोलता परकेपणा कळतो. फक्त जहाजाचे दिवे एकदा दिसेपर्यंत असा पांढरा उजेड दुसरीकडे कुठेही वापरू नका.

माणसं का आली

खलनायक म्हणून खलनायक ठेवला तर तीन मिनिटंही निभत नाहीत. माणसांना गरज द्या. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. जहाजावर ५०० माणसं असतील तर रोज ४२० किलो. साठा पाच टन उरला असेल तर बारा दिवसही पुरत नाही. हा आकडा जहाजातल्या एका पडद्यावर उतरत्या क्रमाने दाखवला की कारण सांगायला संवाद लागत नाही. शिवाय माणसांना हवी असलेली हवा इथल्या जिवांना विष ठरू शकते. पृथ्वीवरही सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला, तेव्हा त्याची सवय नसलेल्या सूक्ष्मजीवांना तो घातकच होता. दोघांचा श्वास एकत्र चालू शकत नाही, हा संघर्ष रसायनशास्त्रातूनच आलेला असल्यामुळे तो खोटा वाटत नाही.

इथे एक चूक जवळजवळ हमखास होते. हल्ला म्हटलं की वस्ती पेटवली जाते. पण ऑक्सिजन नसलेल्या हवेत वस्ती पेटणार नाही. रॉकेट चालेल, कारण ते आपला ऑक्सिडायझर (जळण्यासाठी ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) सोबत नेतं. मात्र मिथेनने भरलेल्या हवेत माणसांच्या टाकीतून ऑक्सिजन गळला आणि ठिणगी पडली तर ज्योत त्या गळतीवरच धरेल. म्हणजे या ग्रहावर आग फक्त माणसांच्या नळ्यांपाशी दिसेल. आगीचं सिम्युलेशन करायचंच असेल तर इथेच करा. अर्धा मीटरची ज्योत असल्याने डोमेन (सिम्युलेशन चालतं तो डबा) लहान राहतो आणि संगणक गुडघे टेकत नाही.

स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिक

तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेमच्या (स्थिर चित्रांच्या) हिशेबाने ४३२० फ्रेम. सरासरी साडेचार सेकंदांचे चाळीस शॉट धरा. दिवसाला तीन सेकंदांचं ॲनिमेशन होईल असं गृहीत धरलं तरी नुसतं ॲनिमेशन साठ दिवसांचं काम आहे. म्हणून कागदावरची चित्रं (स्टोरीबोर्ड) मोबाइलने टिपून ब्लेंडरच्या व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये वेळेनुसार लावा, कच्चा आवाज टाका आणि पूर्ण तीन मिनिटं पाहा. हाच ॲनिमॅटिक. जो शॉट इथे कंटाळवाणा आहे तो रेंडर केल्यावरही (अंतिम चित्रं काढल्यावरही) कंटाळवाणाच राहतो. तो आत्ताच कापा.

कॅमेऱ्याची उंची ग्रहवासीयांच्या डोळ्यांइतकी ठेवा. माणसांकडे खालून वर पाहा. त्यांच्या हेल्मेटच्या काचा काळ्या ठेवा. चेहरा नाही तर ओठांचं ॲनिमेशनही नाही. एकाच माणसाची काच एकाच शॉटमध्ये पारदर्शक होऊ द्या.

वजन

ॲनिमेशनची खरी कसोटी इथे आहे. गुरुत्वाकर्षण ०.४ पट असेल तर पडायला लागणारा वेळ सुमारे १.६ पट होतो. एक मीटरवरून वस्तू पडायला पृथ्वीवर ११ फ्रेम लागतात, इथे १७. हे आकडे मॉनिटरशेजारी चिकटवून ठेवा. फिजिक्स सिम्युलेशन वापरत असाल तर सीन प्रॉपर्टीजमधला ग्रॅव्हिटीचा झेड आकडा −९.८१ वरून −३.९२ करा. नाहीतर हाताने हलवलेली पात्रं एका ग्रहावर आणि पडणारे दगड दुसऱ्या ग्रहावर असल्यासारखे दिसतात.

सैनिकाचं पाऊल जहाजात १२ फ्रेमचं ठेवा: पहिल्या फ्रेमला पाय टेकतो, चौथ्याला शरीर सर्वांत खाली, सातव्याला दुसरा पाय शेजारून पुढे, दहाव्याला शरीर सर्वांत वर, तेराव्याला दुसरा पाय टेकतो. ग्रहावर हेच पाऊल १८ फ्रेमचं करा. पाऊल पाऊण मीटरचं असेल तर दोन पावलांत, म्हणजे ३६ फ्रेममध्ये, रूट बोन (अख्खं पात्र हलवणारं मुख्य हाड) बरोबर दीड मीटर पुढे सरकला पाहिजे आणि त्या कीफ्रेमचं (ठरवून दिलेल्या स्थितींचं) इंटरपोलेशन, म्हणजे मधली हालचाल, लिनिअर (एकसारख्या वेगाची) हवं. ब्लेंडर मुळात बेझिअर देतो. त्यामुळे रूट हळू सुरू होऊन हळू थांबतो आणि पाय जमिनीवर घसरतात. पाय घसरण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

एवढ्यावर थांबू नका. वजन कमी झालं तरी वस्तुमान तेवढंच राहतं आणि जमिनीची पकड मात्र कमी होते. धावत आलेला सैनिक थांबायला जवळजवळ अडीचपट अंतर घेतो. त्याला मागे रेलावं लागतं, टाचा घासाव्या लागतात, वळताना तो बाहेर फेकला जातो. उतरल्यावरच्या पहिल्या शॉटमध्ये दोन सैनिक असे भरकटू द्या आणि त्याच चौकटीत एक ग्रहवासी अलगद वळताना दाखवा. घर कुणाचं आहे ते चार सेकंदांत कळतं.

तरंगत्या जिवाला कधीच पूर्ण स्थिर ठेवू नका. झेड लोकेशनच्या (उंचीच्या) कर्व्हवर अनियमित हेलकावे देणारा नॉइज मॉडिफायर लावा, स्केल ६०, स्ट्रेंग्थ ०.०५ पासून सुरुवात करा. प्रत्येक जिवाचा फेज वेगळा द्या, नाहीतर सगळी वस्ती एका तालात वरखाली होते. जिवाला लोंबत्या शुंडा (सोंडेसारखे अवयव) दिल्या असतील तर त्यांच्या पहिल्या हाडाचे कीफ्रेम पुढच्या हाडांवर कॉपी करा आणि दर हाडामागे तीन फ्रेम उशिरा सरकवा. दाट हवेत चार फ्रेमही शोभतात. सहाच्या पुढे शुंडा ओल्या दोऱ्यांसारख्या दिसू लागतात.

रिग (पात्र हलवणारा हाडांचा सांगाडा) मॉडेलला जोडताना ‘बोन हीट वेटिंग’चा एरर आला तर गडबडू नका. बहुतेक वेळा मॉडेलमध्ये एकावर एक पडलेले बिंदू किंवा आत लपलेले पृष्ठभाग असतात. एडिट मोडमध्ये सगळं निवडून ‘मर्ज बाय डिस्टन्स’ करा, आतले पृष्ठभाग काढा, ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ए दाबून स्केल अप्लाय करा आणि पुन्हा जोडा. माणसांसाठी तयार सांगाडा देणारं रिगिफाय ॲडऑन वापरा, स्वतः हाडं बसवत बसू नका. गर्दीसाठी शिफ्ट-डी ऐवजी ऑल्ट-डी ने प्रती काढा. मेश (आकाराचं जाळं) एकच राहतो आणि मेमरी वाचते.

जहाज मोठं दिसायला हवं

दोन किलोमीटरचं जहाज खरोखर दोन किलोमीटरचं बनवून दूर ठेवलं की ते दिसतच नाही, कारण कॅमेऱ्याचं क्लिप एंड (ज्याच्या पलीकडचं काही दिसत नाही ते अंतर) मुळात त्याहून बरंच कमी असतं. ते लाखावर नेऊन क्लिप स्टार्ट अगदी बारीक ठेवलं तर ईव्हीमध्ये (ब्लेंडरच्या झटपट रेंडर इंजिनात) पृष्ठभाग लुकलुकतात. त्यापेक्षा जहाज वेगळ्या सीनमध्ये शंभरपट लहान ठेवा आणि कंपोझिटिंगमध्ये (चित्रांचे थर जोडताना) मागे बसवा. त्या सीनमधल्या कॅमेऱ्याची हालचालही शंभरपट लहान हवी, हे विसरलं की जहाज खेळण्यासारखं सरकतं. आकार खरा वाटतो तो धुरकटपणामुळे. व्ह्यू लेयरमध्ये मिस्ट पास (अंतरानुसार धुरकटपणा देणारा थर) चालू करा, सुरुवात १० मीटर, खोली ४०० मीटर, आणि आकाशाचा रंग त्यात मिसळा. सगळीकडे खरा व्हॉल्यूम (हवेत भरलेलं धुकं) वापरला तर रेंडरचा वेळ कैक पटींनी वाढतो.

आवाज आणि भाषा

ग्रहवासीयांना ओठ देऊ नका आणि त्यांच्या भाषेतून प, फ, ब, भ, म, व हे ध्वनी काढून टाका. उरलेल्यांतून दहा-बारा अक्षरं निवडून त्यांतच सगळं बोलणं बांधा. पिशवीचं थरथरणं आणि घशाचा उजेड एवढ्यावर संवाद चालतो. माणसं मराठीत बोलणार असतील आणि तो एक चेहरा दिसणार असेल, तर उलट प, ब, म यांच्याकडेच लक्ष द्या: ओठ आवाजाच्या दोन फ्रेम आधी मिटले पाहिजेत. ‘आम्ही’मधला मिटलेला ओठ चुकला तर बाकीचं तोंड कितीही नीट हलवा, उपयोग होत नाही. ऱ्हुबार्ब लिप सिंक हे मोफत साधन मराठीसाठी वापरताना ‘फोनेटिक’ ओळख निवडा, ती इंग्रजी शब्दांवर अवलंबून नसते. ते तोंडाचे सहा मूळ आकार मांडून देतं, पुढची दुरुस्ती हाताने करावी लागते. टाइमलाइनमध्ये प्लेबॅकला ‘सिंक टू ऑडिओ’ निवडलेलं असू द्या.

रेंडर

फ्रेमला ३० सेकंद लागले तर ४३२० फ्रेमना ३६ तास, तीन मिनिटं लागली तर नऊ दिवस. म्हणून बहुतेक शॉट ईव्हीत करा आणि काचेचा, ज्योतीचा असे निवडक शॉट सायकल्स या संथ पण अचूक इंजिनात. सायकल्सला १२८ सॅम्पल (दर बिंदूमागे प्रकाशाच्या चाचण्या) आणि डीनॉइझ (चित्रातले दाणे पुसणं) पुरतं, पण डीनॉइझ केलेल्या अंधाऱ्या भागात फ्रेमगणिक डाग वळवळताना दिसले तर सॅम्पल दुप्पट करा.

थेट व्हिडिओ फाइल काढू नका. पीएनजी चित्रमालिका काढा. चार तासांनी वीज गेली तर व्हिडिओ फाइल बहुधा उघडतही नाही. चित्रमालिकेत फार तर एक फ्रेम जाते. आउटपुटमधलं ‘ओव्हरराइट’ बंद ठेवा, म्हणजे पुन्हा सुरू केल्यावर झालेल्या फ्रेम गाळून पुढे जातं. वीज जाताना अर्धवट लिहिलेली शेवटची फाइल तेवढी आधी पुसा.

शेवटी चित्रं आणि आवाज सिक्वेन्सरमध्ये जोडून एच.२६४ मध्ये काढा. ऑडिओ कोडेक मुळात ‘नो ऑडिओ’ असतो, तो एएसी करा, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. मग फाइल मोबाइलवर टाका आणि दुपारच्या उजेडात पाहा, कारण बहुतेक लोक ती तशीच पाहणार आहेत. सावलीचा शॉट नुसता काळा दिसत असेल तर त्याच शॉटचं एक्स्पोझर अर्ध्या स्टॉपने वाढवा, सगळ्या फिल्मचं नको.