कॉलेज हॉकीसाठी खेळाडूची शिफारस करताय? या चुका टाळा

“मेहनती मुलगा आहे, शिस्तीचा आहे, सगळ्यांशी जुळवून घेतो.” कॉलेजच्या आइस हॉकी कोचला पाठवलेलं शिफारसपत्र असं सुरू झालं, की ते तिथेच मिटलं असं समजा. त्यात वाईट काहीच नाही. पण त्या आठवड्यात त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक पत्रात हेच लिहिलेलं असतं.

मी न्यू जर्सीत सोळा वर्षांखालच्या संघाचा असिस्टंट कोच आहे, बिनपगारी. आमच्या मुख्य कोचला लिहायचा कंटाळा, त्यामुळे शिफारशींचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. आता आसपासच्या क्लबांतले तरुण कोचही पाठवण्याआधी पत्र दाखवून जातात. त्यात इकडच्या मराठी घरांतली काही पोरं स्केट्स बांधायला लागलीत, आणि त्यांच्या आईबाबांचे फोन तर विचारूच नका. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

विशेषणांची खैरात

सगळ्यात मोठी चूक हीच. पोरगा चांगला खेळतो की नाही, हे कॉलेजचा कोच स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवतो. तुमच्याकडून त्याला हवं असतं ते एका मॅचमध्ये न दिसणारं. पक (हॉकीची रबरी चकती) स्टिकवर नसताना पोरगा काय करतो? बर्फावरची पाऊण मिनिटाची पाळी, म्हणजे शिफ्ट, संपत आली, पाय जड झाले, आणि तेवढ्यात पक समोरच्यांनी पळवला, तर हा त्यांच्यामागे जीव तोडून परत येतो की बेंचकडे वळतो? एखाद्या चुकीसाठी बसवून ठेवलं, तर त्यानंतरची शिफ्ट कशी खेळतो?

मागे एका क्लबच्या कोचनं एका डिफेन्समनची शिफारस केली होती. पत्र मला दाखवलं. उंची सहा फूट एक इंच, ‘लीगमधला सर्वोत्तम स्केटर’, ‘जन्मजात नेता’. मी म्हटलं, “अरे, पोरगा पाच-अकरा आहे. तू रोज बघतोस त्याला.” तर म्हणे, “दोन इंचांनी काय होतंय? सगळेच वाढवतात.” पत्र तसंच गेलं.

शोकेसला, म्हणजे कॉलेजचे कोच पोरं बघायला येतात त्या सामन्यांना, त्या कॉलेजचा असिस्टंट कोच आला आणि कोपऱ्यातल्या काचेपाशी उभा राहिला. पोरगा खेळलाही छान. एकदा पक त्याच्याच बाजूच्या कोपऱ्यात गेला आणि हा तो आणायला मागे वळला. पकपर्यंत पोहोचायच्या आत दोनदा मान वळवून त्यानं खांद्यावरून पाहिलं. समोरचा फोरवर्ड डाव्या बाजूनं अंगावर येतोय हे हेरलं, उजवीकडे जातोय असं भासवलं, नेटच्या मागून उलटा निघाला आणि एका पासात पक झोनबाहेर. सोळा-सतराच्या वयात पक आणायला जाताना एकदा मागे बघणारीच पोरं कमी, दोनदा बघणारी त्याहून कमी. आणि पत्रात याचा एक शब्द नाही! मॅच संपल्यावर त्या पाहुण्यानं शांतपणे विचारलं, “उंची किती म्हणालात?”

उंचीशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, पाच-अकराचे डिफेन्समन ढिगानं खेळतात. पण टेपनं मोजता येतं तेच खोटं निघालं, तर जे मोजता येत नाही त्यावर त्यानं का विश्वास ठेवावा? पोराचं तिथलं काम बारगळलं. पुढच्या हंगामात त्याच क्लबच्या गोलीचं, म्हणजे गोलकीपरचं, पत्र गेलं, तेव्हा कॉलेजच्या त्याच असिस्टंट कोचनं मला फोन केला, “याची उंची तरी खरी आहे ना?”

यावर माझा उपाय साधा आहे. ट्रॅकसूटच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको, रिंकच्या थंडीत ऐन वेळी चालत नाही. सरावाच्या वेळी एक-दोन पोरांबद्दल एकेक ओळ लिहायची, तीही डोळ्यांनी पाहिलेलीच. पत्र लिहिताना विशेषण सुचलं की वही उघडायची आणि त्याजागी प्रसंग टाकायचा. वहीत प्रसंगच नसेल, तर विशेषणही खोडायचं. तरुण कोचना ही कटकट वाटते. त्यांना तयार नमुना हवा असतो, आणि हल्ली तर पत्र एआयकडूनच लिहून घेतात. पत्र गुळगुळीत होतं खरं, पण त्यातला पोरगा कुठलाही असू शकतो.

आठवीतल्या मुलाचं पत्र

“दादा, आठवीतच आहे तो, पण आत्तापासून हार्वर्डच्या कोचला दोन ओळी टाकून ठेवा ना.” हा फोन मला दर हिवाळ्यात येतो. काही जण ताकाला जाऊन भांडं लपवतात: आधी हवापाण्याच्या गप्पा, मग बर्फ कसा पडतोय, आणि शेवटी हार्वर्ड.

अहो, नियम तरी वाचा. एनसीएए ही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना. तिच्या सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, मुलांच्या हॉकीत कॉलेजचा कोच भरतीबद्दल खेळाडूशी बोलू शकतो तो दहावीच्या वर्षातल्या १ जानेवारीपासून. मुलींच्या हॉकीत दहावी संपल्यावर १५ जूनपासून. कॉलेजच्या खर्चानं कॅम्पस बघायला जाणं त्यापुढचं, अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून. त्याआधी तुम्ही मेल पाठवलात आणि उत्तर आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘पोरगा आवडला नाही’ असा नसतो, उत्तर द्यायला त्याला बंदी असते. उन्हाळी शिबिराचं माहितीपत्रक मात्र केव्हाही येऊ शकतं. ते घरोघरी जातं. ते आलं म्हणून पेढे वाटणारे लोक मी पाहिलेत.

दुसरं, मुलांच्या डिव्हिजन वनमध्ये पहिल्या वर्षाला येणारा खेळाडू बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो, कधी एकवीसचाही. हायस्कूल संपवून यूएसएचएल, एनएएचएल, बीसीएचएल अशा ज्युनिअर लीगमध्ये एक-दोन वर्षं घासून आलेला. त्यात १ ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या सीएचएल या ज्युनिअर लीगमधल्या मुलांनाही डिव्हिजन वनचं दार उघडलं. पूर्वी तिथे खेळलं की ते बंद व्हायचं. म्हणजे गर्दी वाढली. शिवाय कॉलेजांनी खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांत २०२५-२६ पासून संघात २६ खेळाडूंची मर्यादा आली. अशा वेळी सोळा वर्षांच्या पोराची शिफारस थेट कॉलेजला पाठवून हात झटकणं म्हणजे मधली पायरी गाळणं. पत्र आधी ज्युनिअर संघाच्या कोचकडे जायला हवं. कॉलेजचे कोच पोरं शोधायला तिथेच येतात. मुलींचं गणित वेगळं, त्या बहुतेक हायस्कूलमधूनच थेट कॉलेजात जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत दहावीनंतरचा उन्हाळा वाया घालवू नका.

डिव्हिजन थ्रीला नाकं मुरडणं

“तिथे स्कॉलरशिप नाही ना?” डिव्हिजन थ्री हा एनसीएएचा खालचा गट, तिथे खेळाची नाही, बरोबर. पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कॉर्नेल डिव्हिजन वनला खेळतात आणि त्यांच्या आयव्ही लीगमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, हे सांगितलं की फोनवर शांतता पसरते. मिडलबरी, विल्यम्स, हॅमिल्टन ही डिव्हिजन थ्रीची कॉलेजं आहेत, तिथे प्रवेश मिळवून दाखवा. आणि ‘तिथे खेळ सोपा’ हाही गैरसमज, पुरुषांच्या डिव्हिजन थ्रीतही ज्युनिअर खेळून आलेली वीस-एकवीस वर्षांची पोरं भरलेली असतात. ज्या संघात पोरगा तिसऱ्या लाइनवर (एकत्र बर्फावर उतरणाऱ्या फोरवर्डांच्या तिसऱ्या तुकडीत) तरी खेळेल त्या संघाला मी पत्र लिहितो. नावासाठी चार वर्षं स्टँडमध्ये बसणाऱ्यासाठी लिहीत नाही. यावरून माझं पालकांशी वाजतं, वाजू दे.

बाकीच्या, भराभर

एकच मेल दहा कॉलेजांना पाठवताना मजकुरात दुसऱ्याच कॉलेजचं नाव ठेवणं. दर हिवाळ्यात कोणीतरी करतंच.

पत्र आईबाबांनी लिहायचं आणि कोचनं फक्त सही करायची. भाषेवरून लगेच कळतं.

व्हिडिओत नुसते गोल. पूर्ण शिफ्ट दाखवा, पोरगा कोणता ते सुरुवातीलाच बाणानं दाखवा आणि ते ढोलताशाचं संगीत काढून टाका.

‘चाळीस गोल’ लिहायचं, पण कुठल्या लीगमध्ये ते नाही. लीग आणि आकडे कोच एका मिनिटात ऑनलाइन बघतो.

मार्क न लिहिणं. डिव्हिजन वनला हायस्कूलचे १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुण) लागतो. आपल्या मराठी घरांना हे सांगावं लागत नाही, कोचना लागतं.

दोष लपवणं

यावर थोडं थांबतो. माझ्या प्रत्येक पत्रात एक उणीव असतेच, आणि पालकांना ती बघून घाम फुटतो. ‘डाव्या वळणावर याचे क्रॉसओव्हर (वळताना एका पायावरून दुसरा टाकणं) कच्चे आहेत, ऑगस्टपासून सरावाआधी अर्धा तास त्यावरच काम करतोय, आता वेग तुटत नाही, पण सफाई यायचीय.’ या एका ओळीत पोराची मेहनतही आली आणि ‘मेहनती’ हा शब्दही लिहावा लागला नाही. शिवाय कच्चा डावा वळसा पहिल्या पिरियडमध्ये दिसणारच. तो तुम्ही आधी सांगितला, तर बघणारा पुढचं बघायला मोकळा होतो.

फोन न उचलणं

पत्राखाली स्वतःचा मोबाइल नंबर द्या आणि हंगामात अनोळखी नंबर उचला. कामाचा असेल तर कोच फोन करतो, आणि तोही अनेकदा झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) फिरत असताना. प्रश्न मोजकेच असतात. कितव्या लाइनवर खेळवता? पेनल्टी किलला, म्हणजे आपला एक जण शिक्षेवर बाहेर असताना, पाठवता का? एका गोलानं पुढे आहात, शेवटचं मिनिट आहे, तेव्हा हा पोरगा बर्फावर असतो की बेंचवर? असतो तर असतो म्हणा. नसेल, तर नाही म्हणा आणि का नाही तेही सांगा.